चार दिवस मी गाळले

मी रविवारी सकाळी लिहिते. आठवड्याची धुणी वाळत टाकली, कुकर उतरवला, की स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक कोपरा पुसून घेते आणि वही उघडते. नांदेडला एका शाळेच्या ऑफिसात मी लिपिक आहे. बोनाफाईड, टीसी, पगारपत्रकं, हे माझं रोजचं लिहिणं. त्याबाहेर जे लिहिते त्याला ऑफिसातले ‘मॅडमचा छंद’ म्हणतात. मलाही तो शब्द चालायचा. छंद म्हटलं की त्यात कुणाचं काही बिघडत नाही असं वाटतं.

या छंदाचं एक वर्ष असतं. वैशाखात ऑफिसला सुट्ट्या असतात तेव्हा मी वाचते. पंख्याखाली फरशीवर आडवी होऊन दिवसाला एक पुस्तक. जून-जुलै प्रवेशांच्या धांदलीत जातात. श्रावणात लिहायचं, भाद्रपदात नक्कल करून एखाद्या छोट्या दिवाळी अंकाला पाठवायचं आणि मग टपालाची वाट बघत बसायचं. अठरा-वीस वर्षांत माझ्या सहा कथा छापून आल्या. सातवी आली त्या वर्षाबद्दल हे लिहिते आहे.

मला वाचायला अक्काने शिकवलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचे वडील मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. बाजारच्या दिवशी ते मुखेडच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे आणि आईला कळायच्या आत अक्का त्यातलं एक उचलायची. एका हाताने तव्यावरची भाकरी उलटायची, दुसऱ्या हातात पुस्तक. भाकरी करपली की पुस्तक माझ्या फ्रॉकखाली लपवायची. मी शाळेत जायच्या आधीच ओसरीवर खडूने अक्षरं काढून तिने मला वाचायला बसवलं होतं. मोठ्याने वाचलं नाही तर ती मांडीला चिमटा काढायची.

दहावी झाली आणि तिचं लग्न झालं. देगलूरजवळ, घरची शेती असलेल्या माणसांत. तिथं पुस्तक नव्हतं. दर दिवाळीला मी नेईन तेवढंच तिचं वाचन. माझी कथा छापून आली की पहिला अंक तिला. दुपारी सगळे निजले की ती ओळीखाली बोट धरून सावकाश वाचायची आणि संध्याकाळी चुलीपुढे एवढंच म्हणायची, “ही बाई इतकी रडती कशाला गं? येवढं रडायला येळ कुनाला हाय?” पुढच्या कथेत माझी बाई कमी रडायची. संपादकांपेक्षा मी अक्काला घाबरायचे.

अक्काच्या सासूला लकवा झाला आणि ती सहा वर्षं खाटेवर होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हाताला लागेल अशी बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी खाटेच्या कडेच्या दांडीला बांधली होती. पाणी हवं, कूस बदलायची, कपडे खराब झाले, सगळ्याला तीच घंटी. मी गेले की बघायचे, अक्का शेण काढत असो की जेवत असो, घंटी वाजली की हातातलं टाकून उठायची. सहा वर्षं. त्या वैशाखात म्हातारी गेली. मी मातीला गेले होते. अक्का रडली नाही, नुसती बसून होती. सुटली बिचारी, असं बायका म्हणाल्या. कोण सुटली ते कुणी म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी, आषाढात, अक्का माझ्याकडे नांदेडला आली. तिला दिव्याभोवती गोल कडी दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. दोन प्रकारचे थेंब रोज, एक दिवसही चुकवायचे नाहीत. तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातलेलं असल्याने तिला उजेड सोसत नव्हता. घरी आणून मी पडदे ओढले, तिला दिवाणावर निजवलं आणि शेजारी शेंगा फोडत बसले. डोळे मिटूनच ती बोलायला लागली.

“आत्याबाई जायच्या चार दिवस आधीची गोष्ट हाय. कुनाला सांगितली न्हाई.”

“काय झालं?”

“तीन दिवस माझी पाठ टेकली नव्हती. दुपारी मागल्या दारी लिंबाखाली बसले. घंटी झाली. म्हणलं, उठते आता. परत झाली. म्हणलं, उठतेच. आन डोळा लागला. उठून पळाले तर घंटी बंद. खाटेजवळ गेले तर ओठ कोरडे ठाक. पानी पाजलं. पिल्या. माझ्याकडं नुसतं बघत ऱ्हायल्या.”

मी म्हटलं, “अगं, झोप लागली. तू तरी काय करणार?”

“झोप दुसऱ्या घंटीला लागली,” ती म्हणाली. “पहिल्या घंटीला मी उठू शकत होते.”

मग तिने चहा मागितला. संध्याकाळी मी तिला देगलूरच्या गाडीत बसवून दिलं. ते थेंब देगलूरला कधी मिळायचे, कधी नाही, म्हणून दर महिन्याला मी नांदेडहून घेऊन ओळखीच्या कंडक्टरजवळ द्यायचे, असं आमचं ठरलं.

श्रावणात मी वही उघडली आणि पहिलंच वाक्य घंटीचं आलं.

खोटं कशाला बोलू, ते चार रविवार फार सुखाचे गेले. कथा अशी भराभर मला कधीच सुचली नव्हती. गाव मी तिकडे इस्लापूरच्या बाजूला नेलं. घर बदललं, नवरा मारून टाकला, सून विधवा केली. म्हटलं, आता कुणाला ओळखू येणार नाही. घंटी मात्र सोडवेना. घंटी काढली की कथेत काही उरतच नव्हतं. मग चार दिवसांचा प्रश्न आला. म्हातारी पाणी पिते आणि चार दिवसांनी जाते, हे कागदावर ढिलं पडत होतं. म्हणून मी ते चार दिवस गाळले. माझ्या कथेत सून जागी असते, लिंबाखाली बसून घंटी ऐकत राहते, घंटी थांबते आणि त्याच संध्याकाळी म्हातारी जाते. शेवटून दुसऱ्या ओळीत मी लिहिलं, सुनेला हलकं वाटलं. ती ओळ सुचली तेव्हा मी पेन ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले होते, इतका आनंद झाला होता.

दिवाळीत कथा छापून आली. त्या वर्षी मी अक्काकडे अनारसे नेले, साडी नेली, अंक नेला नाही. चुलीपुढे तिने विचारलं, “यंदा काही छापून न्हाई आलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “यंदा नाही जमलं.”

“आसू दे. पुढच्या साली.”

अक्काची नणंद लातूरला शिक्षिका आहे. तिच्या शाळेत दिवाळी अंक येतात. तिने तो वाचला, वाचून पानांचे फोटो काढले आणि भावांना मोबाईलवर पाठवले. हे मला कळायला येळवस उजाडली.

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडे सगळी शेतात जातात. कडब्याची खोप करून पूजा करायची, आंबील प्यायची, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायची, ओळखीपाळखीच्यांना बोलवायचं. अक्काचं लग्न झाल्यापासून तिच्या शेतात मी दरसाल जाते. त्या दिवशी बांधावरून जातानाच जाणवलं की माणसं नाहीत. दरवर्षी तीसचाळीस पानं उठायची. त्या दिवशी घरचीच सात-आठ माणसं होती आणि कुणी मला ‘या’ म्हटलं नाही.

दाजी खोपीच्या पलीकडे बसले होते. मी जवळ गेल्यावर त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. माझंच पान होतं.

“हे तुमचंच ना?”

“हो.”

“घंटी आमचीच ना?”

“दाजी, ती कथा आहे. गाव वेगळं आहे, माणसं वेगळी आहेत.”

“घंटी वेगळी न्हाई,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “माझी माय पाण्यावाचून गेली, हे मला तुमच्या पुस्तकातनं कळावं?”

“तसं झालं नाही हो.”

“मग तसं लिहिलं कशाला?”

अक्का आंबिलीचं मडकं घेऊन उभी होती. ती म्हणाली, “मधी चार दिवस व्हते.” कुणाकडे बघून म्हणाली ते कळलं नाही. कुणी ऐकलंही नाही. अक्काची धाकटी जाऊ भज्जी वाढत पुढे गेली.

मला रस्त्यापर्यंत सोडायला अक्का आली. हरभऱ्याच्या कडेकडेने चाललो. फाट्यावर गाडी दिसल्यावर ती म्हणाली, “यंदा काही छापून आलं न्हाई म्हणली होतीस.” आणि मग, “ते थेंब पाठवू नको आता. माझी मी बघते.”

त्यानंतर तिने माझा फोन घेतला नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवला तो कंडक्टरने परत आणून दिला. न्यायला कोणी आलं नाही म्हणाला. तिच्या घरचं जे कळायचं ते धाकट्या जावेकडून, तेही चोरून. दाजी जेवायला भावाच्या घरी जायला लागले होते. अक्का एकटीपुरतं शिजवायची. विहिरीवर गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. कुणीतरी तोंडावरच विचारलं होतं, खरंच लिंबाखाली बसून ऐकलीस का?

फाल्गुनात मी लातूरला गेले. नणंदेचं घर शिकवणीच्या वर्गांमागच्या गल्लीत आहे. दोन्ही बाजूंना पोरांची वसतिगृहं, गच्च्यांवर ओळीने वाळत घातलेले कपडे. दार उघडून तिने मला आत घेतलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं. झोप लागली होती, पाणी पाजलं होतं, नंतर चार दिवस म्हातारी होती, उरलेलं सगळं माझं.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, मी पण मराठीच शिकवते. कथा काय असते ते मला माहीत आहे.”

“मग तुम्ही दाजींना सांगा ना.”

“काय सांगू? मी वर्षातनं दोनदा जायची. दोन दिवस राहायची, आईचे केस विंचरायची आणि परत यायची. ती कशी राहते, मला ठाऊक नव्हतं. तुम्ही लिहिलंत आणि मला पहिल्यांदा दिसलं. आता तुम्ही म्हणता ते खोटं आहे. मला दिसलेलं मी कसं पुसू?”

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला दोष देऊ शकले नाही. तिने मला स्टँडपर्यंत रिक्षा करून दिली. परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत मला फक्त एवढंच वाटत होतं की माझ्या कथेला इतका चांगला वाचक कधी मिळाला नव्हता. वाटलं आणि स्वतःची किळस आली.

वैशाखात म्हातारीचं वर्षश्राद्ध झालं. सहा वर्षं जिने भरवलं, तिला त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. जावेने सांगितलं, अक्का दिवसभर गोठ्यात बसून होती.

त्याच आठवड्यात मी दाजींना पत्र लिहिलं. दोन पानं. त्यात एक विशेषण नव्हतं. काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, आणि मी त्यात काय घातलं, काय काढलं. ऑफिसात जबाब लिहून घेतात तसं. चार वेळा फाडून पाचव्यांदा जमलं. पत्र पोचलं. दाजींनी वाचून घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं, असं जाऊ म्हणाली. उत्तर आलं नाही.

त्या उन्हाळ्यात मला वाचताही आलं नाही. पंख्याखाली पुस्तक घेऊन पडायचे, दोन पानांत एखादी बारीक खरी गोष्ट यायची, कुणाच्या हातावरचा डाग, कुणाची खोकण्याची सवय, आणि माझं मन थांबायचं. हे या लेखकाला कुणी सांगितलं असेल? सांगणारा माणूस आता कुठे असेल? पुस्तक मिटून ठेवायचे. श्रावण आला, गेला. संपादकांचं पत्र आलं. गेल्या वर्षीची कथा वाचकांना फार आवडली, यंदाही पाठवा. ते पत्र मी शिलाई मशीनच्या खणात टाकलं. रविवार रिकामे राहिले. आमचे हे एकदा म्हणाले, “लिही की काहीतरी, अशी बसून राहू नको.” मी वही उघडली, तारीख टाकली, मिटली.

दिवाळीत, लक्ष्मीपूजन झाल्यावर, न विचारता अक्काकडे गेले. दाजी शेतात होते. ती मागल्या दारी ज्वारी निवडत होती. मी बाजूने आले, अगदी जवळ येऊन उभी राहिले, तरी तिने वर पाहिलं नाही. मी “अक्का” म्हटलं तेव्हा ती दचकली.

“कडंचं दिसंना झालंय,” ती म्हणाली. “समोरून आलं तर दिसतंय.”

“थेंब?”

“चैतापासून न्हाई घातले.”

मी खाली बसले. तिने सूप बाजूला ठेवलं, आत गेली, भिंतीला हात लावत गेली, आणि एक अंक घेऊन आली. माझाच. नणंदेने कधीतरी टपालाने पाठवलेला.

“सगळ्यांनी वाचली. मी न्हाई वाचली. आता अक्षर लागत न्हाई. वाच.”

“नको गं अक्का.”

“वाच म्हणले ना.”

मी वाचायला लागले. आवाज बारीक झाला की ती म्हणायची, मोठ्यानं. नऊ पानं होती. भर दुपार होती, कोंबड्या पायाशी निवडलेली ज्वारी टिपत होत्या, तिने त्यांना हाकललं नाही. शेवटच्या पानावर तिने मला थांबवलं.

“हलकं वाटलं, हे कुठनं आणलंस?”

“सुचलं.”

“मला भ्या वाटलं होतं. हलकं न्हाई. आन चार दिवस कुठं गेले?”

“कथेत बसत नव्हते.”

“त्या चार दिवसांत मी त्यांना चमच्यानं पेज पाजली. तिसऱ्या दिवशी त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. लई येळ ठेवला. ते बसत नव्हतं होय?”

हे तिने मला आषाढात सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मला घंटी मिळाली होती, तेवढ्यावर मी उठून गेले होते.

“बाकी चांगली लिहिलीस,” ती म्हणाली, आणि तिने ते मनापासून म्हटलं होतं.

मी विचारलं, “आता मी काय करू?”

“काय करनार? झालं ते झालं. जसं झालं तसं लिहून ठेव एकदा. कुनी वाचू दे न्हाईतर न वाचू दे.”

दुसऱ्याच दिवशी मी तिला नांदेडला आणलं. डॉक्टरांनी तपासलं, यंत्रावर बसवलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर येत नाही, उरलेली सांभाळायची. छापलेलं वाचता येईल असं आता धरू नका. मी अक्काला ते बाहेरच्या बाकड्यावर सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले. औषधाचंच पाणी असेल कदाचित.

दाजी आता घरी जेवतात. कामापुरतं बोलतात. सकाळ-संध्याकाळ तिच्या डोळ्यांत थेंब तेच घालतात, तिला एकटीला जमत नाही म्हणून. माझ्या पत्राचं त्यांनी कधी नाव काढलं नाही. यंदाच्या येळवसला मला निरोप नव्हता. मी गेले नाही.

अक्का फोन घेते. पाऊस किती झाला, सोयाबीन काय म्हणतंय, माझ्या गुडघ्याचं कसं आहे, सगळं विचारते. दहा मिनिटं बोलतो. पूर्वी फोन ठेवताना ती म्हणायची, थांब, एक सांगायचं राहिलं, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं. आता म्हणते, बरं, ठेवते. मी तिला काही विचारत नाही.